नोंदीत रुग्ण कमी, म्हणजे आजार कमी का?

प्रश्न असा आहे: आरोग्य केंद्रांच्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, तर दुर्गम आणि गरीब वस्तीच्या भागांत आजाराचा दर कमी आणि वर्षानुवर्षं सपाट दिसतो, सोयी असलेल्या भागांत तो जास्त आणि चढता दिसतो. हा खरा कल मानावा का? आणि उपचार कोणापर्यंत पोचतात, कोणापर्यंत नाही, यातली तफावत मोजायची कशी?

पहिल्या भागाचं उत्तर: नाही, एवढ्या आधारावर नाही. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि ते सुटे सुटे सोडवायला गेलं की दोन्हींची उत्तरं चुकतात. नोंदवहीतला आकडा आजाराचा नसतो. आजार आणि सेवेची पोच यांचा तो गुणाकार असतो.

तो गुणाकार उलगडून पाहू. समजा एका भागात वर्षाला खरोखर १,००० नवे रुग्ण होतात. त्यांतल्या ७० टक्क्यांना त्रास दवाखान्यात जाण्याजोगा वाटतो, त्यांतले ८० टक्के केंद्रापर्यंत पोचतात, पोचलेल्यांपैकी ६० टक्क्यांची तपासणी होते, ती तपासणी ८५ टक्के रुग्णांना ओळखते आणि ओळखलेल्यांपैकी ९० टक्क्यांची नोंद होते. वहीत उरले २५७. दुसऱ्या भागात खरे रुग्ण ८००च आहेत, पण हेच टप्पे ९०, ९५, ९०, ८५ आणि ९५ टक्क्यांचे आहेत. तिथे नोंद होते ४९७ जणांची. म्हणजे पहिल्या भागात आजार सव्वापट आणि नोंद जेमतेम निम्मी. यातला एकही टप्पा पूर्ण कोलमडलेला नाही. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती झाली, तरी शेवटी एवढा फरक पडतो.

काळाच्या ओघात यातला कोणताही टप्पा बदलला की आलेख हलतो, आजार जागच्या जागी असला तरी. २०२० मध्ये हे जगभर दिसलं. नव्याने निदान होऊन नोंदवलेले क्षयरुग्ण २०१९ मध्ये ७१ लाख होते, ते २०२० मध्ये ५८ लाखांवर आले. १८ टक्क्यांची घट. क्षयाचा प्रसार अचानक थांबला नव्हता. माणसं घराबाहेर पडत नव्हती, प्रयोगशाळा आणि कर्मचारी कोविडच्या कामाला लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच वर्षी क्षयाने होणारे मृत्यू मात्र वाढले. नोंदी खाली आणि मृत्यू वर अशी जोडी दिसली की आधी पोच तपासायची, आजाराचं नंतर बघायचं.

दुसरं टोक दक्षिण कोरियाचं. १९९९ मध्ये तिथे कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हता, पण बाकीच्या तपासण्यांसोबत मानेची सोनोग्राफीही करून घेण्याची पद्धत पडली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचा दर १९९३ च्या तुलनेत १५ पट झाला होता. मृत्युदर होता तिथेच. २०१४ मध्ये यावर उघड चर्चा झाल्यावर सोनोग्राफी कमी झाल्या आणि निदानाचा दरही भराभर उतरला. सोयीच्या भागातल्या 'चढत्या' रेषेत असा जादा शोधाचा वाटा किती, हे न तपासता तिला साथ म्हणू नये.

रेषा काढण्याआधीची कामं

सर्वांत आधी एक साधा तक्ता करा: वर्ष, काय बदललं, त्याचा आकड्यावर कोणत्या दिशेने परिणाम अपेक्षित आहे. निदानाची व्याख्या कधी बदलली, नवी चाचणी कधी आली, आजार नोंदवणं सक्तीचं कधी झालं, सेवा मोफत कधी झाली, संगणकीय नोंद कधी सुरू झाली, मृत्यूच्या कारणांची सांकेतिक यादी कधी बदलली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ मध्ये मधुमेहाच्या निदानासाठी उपाशीपोटी साखरेची मर्यादा १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली. तोच कसोटीबदल जिथे जिथे स्वीकारला गेला, तिथे रुग्ण एका रात्रीत वाढले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची मर्यादा १४०/९० वरून १३०/८० केली, आणि त्या देशातलं प्रौढांमधलं प्रमाण कागदावर ३२ टक्क्यांच्या आसपास होतं ते ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. कच्ची मापं हाताशी असतील तर सगळ्या वर्षांना एकच व्याख्या लावून प्रमाण पुन्हा काढा. फक्त 'रुग्ण आहे/नाही' एवढंच असेल तर बदलाच्या वर्षी रेषा तोडा आणि दोन तुकडे वेगळे वाचा.

शेवटची एक-दोन वर्षं जवळपास नेहमी अपुरी असतात, कारण उशिरा येणाऱ्या नोंदी अजून वाटेत असतात. कर्करोग नोंदणीत हे विशेष जाणवतं. दुर्गम भागातून नोंदी आणखी उशिरा येतात, त्यामुळे आलेखाचं टोक नेमकं तिथेच जास्त झुकतं आणि 'घट' दिसते. आधीच्या वर्षांचे पहिल्या वर्षाअखेरचे आकडे आणि तीन वर्षांनंतरचे आकडे जपून ठेवलेले असतील, तर भागनिहाय उशिराचं गुणोत्तर काढून टोक दुरुस्त करता येतं. नसतील तर ते टोक तुटक रेषेने दाखवा. दर महिन्याला माहितीची प्रत तारखेसह बाजूला ठेवण्याची सवय फुकट असते आणि दोन वर्षांनी फार कामाला येते.

नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांची गल्लत तर रोजची. एकूण रुग्णांचं प्रमाण साधारणपणे नव्या रुग्णांचा दर गुणिले आजारासह जगण्याचा काळ एवढं असतं. एचआयव्हीवरची औषधं मिळू लागली की माणसं वर्षानुवर्षं जगतात आणि एकूण प्रमाण वाढतं किंवा टिकून राहतं, नवी लागण कमी होत असली तरीही. उलट, ज्या भागात उपचार पोचत नाहीत तिथे रुग्ण लवकर दगावतात आणि एकूण प्रमाण कमी दिसतं. सेवेचा अभाव इथे चक्क चांगल्या आकड्याचा मुखवटा घालून येतो.

मग छेद. अंशावर, म्हणजे रुग्णांवर, सगळे मेहनत घेतात. लोकसंख्येचा आकडा मात्र कुठूनतरी उचलतात. दोन जनगणनांमधल्या वर्षांसाठी वापरलेले अंदाज नवी जनगणना आली की बदलतात, आणि मग जुन्या वर्षांचे दरही नव्याने काढावे लागतात. स्थलांतर हा दुसरा सापळा. कामासाठी बाहेर गेलेला माणूस गावच्या छेदात मोजला जातो आणि आजारी पडल्यावर शहरातल्या रुग्णालयाच्या अंशात. गावचा दर खाली, शहराचा वर. नोंद करताना 'सध्याचा पत्ता' आणि 'गेल्या सहा महिन्यांत बहुतेक काळ राहण्याचं ठिकाण' असे दोन वेगळे रकाने ठेवले तर यातलं बरंच सुटतं. रुग्णालयाच्या पत्त्यावरून भाग ठरवणं ही सर्वांत महाग चूक.

वय

वयाचा हिशेब न करता दोन भागांची तुलना करणं निरर्थक आहे. एक उदाहरण पुरे. 'अ' आणि 'ब' दोन्हींची लोकसंख्या १ लाख. 'अ' मध्ये चाळिशीच्या आतले ७०,०००, चाळीस ते चौसष्ट २५,००० आणि पासष्टच्या पुढचे ५,०००. दर लाखाला त्यांचे दर अनुक्रमे १०, २०० आणि १,०००. रुग्ण होतात ७ + ५० + ५० = १०७. 'ब' मध्ये वाटणी ४५,०००, ३५,००० आणि २०,०००. प्रत्येक वयोगटातला दर 'अ'पेक्षा २० टक्क्यांनी कमी, म्हणजे ८, १६० आणि ८००. तरी रुग्ण होतात सुमारे २२०. कच्चा दर 'ब' मध्ये दुप्पट, आणि प्रत्येक वयात धोका 'अ' मध्ये जास्त!

दोन्हींना एकच प्रमाण लोकसंख्या (तुलनेपुरती ठरवलेली वयोगटांची वाटणी) लावा, समजा ६०, ३० आणि १० टक्के. 'अ'चा दर येतो १६६, 'ब'चा सुमारे १३३. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या वापरतात. कोणतीही चालते, फक्त सगळ्या वर्षांना आणि सगळ्या भागांना तीच हवी आणि अहवालात तिचं नाव हवं. तरुण लोकसंख्येचे गरीब भाग आणि वयस्क लोकसंख्येचे सुस्थितीतले भाग अशी जोडी असेल, तर तुमच्या आलेखातला बराचसा फरक या एका पायरीवरच विरघळतो.

दोन सावधगिऱ्या. वयोगटांचे दर वेगवेगळ्या दिशांनी जात असतील (तरुणांत वाढ, वृद्धांत घट) तर एकत्रित दर दोन्ही झाकून टाकतो. म्हणून वयोगटांच्या रेषा आधी वेगवेगळ्या काढून बघाव्यात. आणि खाटा, औषधं, मनुष्यबळ यांचं नियोजन करायचं असेल तेव्हा कच्चा आकडाच वापरायचा. प्रमाणित दर हा तुलनेसाठीचा कल्पित आकडा आहे. त्याला औषध लागत नाही.

छोटे आकडे

१२,००० वस्तीच्या भागात गेल्या वर्षी ३ रुग्ण होते, यंदा ७ झाले. 'रुग्णसंख्येत १३३ टक्के वाढ' असं वाक्य अहवालात हमखास येतं. पॉयसन वाटपानुसार (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या संख्येचं गणित) ३ रुग्णांचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे योगायोग धरून खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो, ०.६ ते ८.८ असतो आणि ७ चा २.८ ते १४.४. दोन्ही एकमेकांत एवढे शिरलेले आहेत की यावरून वाढ झाली असं म्हणता येत नाही, झाली नाही असंही नाही. २० पेक्षा कमी रुग्णांवर काढलेला दर डळमळीत मानावा. २० रुग्ण असतानाही प्रमाणित त्रुटी (केवळ योगायोगाने पडणाऱ्या फरकाचं माप) दराच्या २२ टक्के असते. शून्य रुग्ण म्हणजे शून्य धोका नव्हे. 'न' माणसांत एकही रुग्ण सापडला नाही तर दराची वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले 'न'. ६०० जणांत एकही नाही, तरी दर हजारी ५ पर्यंत असू शकतो.

उपाय म्हणून तीन ते पाच वर्षं एकत्र करा, किंवा सारखी परिस्थिती असलेले शेजारचे भाग जोडा. 'सारखी परिस्थिती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रस्त्याकडेचं मोठं गाव आणि डोंगरातल्या वाड्या जोडल्या की जी तफावत मोजायला निघालो तीच पुसली जाते. बेझियन पद्धतीने (इतर भागांच्या माहितीचा आधार घेऊन) नकाशा 'गुळगुळीत' करण्याची हल्ली फॅशन आहे. पद्धत चांगली आहे, पण ती कमी लोकसंख्येच्या भागांचे दर सरासरीकडे ओढते, आणि कमी लोकसंख्येचे भाग बहुधा दुर्गमच असतात. म्हणून गुळगुळीत नकाशाशेजारी कच्चे आकडे आणि लोकसंख्या द्यायलाच हवी.

आजार आणि पोच वेगळे कसे करायचे

एकच कसोटी पुरत नाही. चार-पाच वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहायचं.

पहिली खूण, किती तपासण्या झाल्या आणि त्यांतल्या किती पॉझिटिव्ह आल्या. एका भागात दर हजारी ४ तपासण्या आणि २२ टक्के पॉझिटिव्ह. दुसऱ्यात ३० तपासण्या आणि ६ टक्के पॉझिटिव्ह. नोंदीचा दर पहिल्यात हजारी ०.९, दुसऱ्यात १.८. पण पहिल्या भागात फक्त उघड लक्षणं असलेल्यांचीच तपासणी होते आहे हे ते २२ टक्के ओरडून सांगताहेत. तपासण्या वाढवल्या तर रुग्ण वाढणार. पण शिबिरं घेतली तर निरोगी माणसं मोठ्या संख्येने तपासली जातात आणि हे प्रमाण आपोआप पडतं, तेव्हा शिबिरातल्या आणि लक्षणांमुळे झालेल्या तपासण्या एकत्र करू नका.

शिबिरांचा आणखी एक धोका असतो. आजाराचं प्रमाण ०.५ टक्के, चाचणी ८५ टक्के रुग्णांना ओळखते (ही तिची संवेदनशीलता) आणि ९८ टक्के निरोगींना बरोबर निरोगी ठरवते (ही विशिष्टता), असं धरू. १०,००० लोकांत खरे रुग्ण ५०. त्यांतले ४२-४३ सापडतात. निरोगी ९,९५०, त्यांतले १९९ चुकून पॉझिटिव्ह. शिबिराच्या बातमीत २४१ रुग्ण, प्रत्यक्षात त्यांतले पाचातले चार निरोगी. खरं प्रमाण परत काढण्याचं सूत्र सोपं आहे: दिसलेलं प्रमाण अधिक विशिष्टता उणे १, भागिले संवेदनशीलता अधिक विशिष्टता उणे १. इथे (०.०२४१५ + ०.९८ − १) ÷ ०.८३ = ०.००५. बरोबर ०.५ टक्के परत येतं.

दुसरी खूण निदानाच्या वेळचा टप्पा. कर्करोगात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्यांचा वाटा, क्षयात निदानाआधी किती आठवडे खोकला होता, मधुमेहात पहिल्याच भेटीत पायाची जखम किंवा डोळ्यांची गुंतागुंत होती का. दर कमी आणि टप्पा पुढचा अशी जोडी असेल तर दर खरा नाही.

तिसरी, मृत्यू आणि नोंदलेले नवे रुग्ण यांचं गुणोत्तर. १०० नव्या नोंदींमागे एका भागात ४० मृत्यू आणि दुसऱ्यात ८० असतील, तर दुसरीकडे एकतर उपचार वाईट आहेत किंवा निम्मे रुग्ण नोंदलेच जात नाहीत. दोन्ही असू शकतं. ज्यांचं नाव फक्त मृत्यूच्या दाखल्यातून नोंदणीत आलं, अशांचा वाटाही बघावा. मात्र मृत्यूचं कारण काय लिहिलं आहे ते तपासल्याशिवाय ही खूण वापरू नका. 'हृदयक्रिया बंद पडली', 'वार्धक्य', 'कारण अज्ञात' ही कारणं नव्हेत, आणि डॉक्टर न पोचणाऱ्या भागांत तीच जास्त असतात. तिथे हृदयविकाराने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने झालेले मृत्यू या निरुपयोगी रकान्यात जाऊन बसतात. प्रत्येक भागात अशा कारणांचा वाटा किती, तो आकडा आधी छापावा. वाटा मोठा असेल तर घरी जाऊन नातेवाइकांकडून ठरावीक प्रश्नावलीने कारण समजून घेण्याची पद्धत, म्हणजे व्हर्बल ऑटोप्सी, नमुन्यापुरती तरी वापरावी.

चौथी, दोन याद्यांची जुळणी. प्रयोगशाळेच्या यादीत ४००, औषधवाटपाच्या यादीत ३००, दोन्हींत असलेले १२०. एकूण वेगवेगळी नावं ५८०. यावरून एकूण रुग्णांचा अंदाज काढण्याचं चॅपमनचं सूत्र: (४०१ × ३०१ ÷ १२१) − १ = सुमारे ९९७. म्हणजे सुमारे ४२ टक्के रुग्ण एकाही यादीत नाहीत. हिशेब दोन मिनिटांचा, जुळणी दोन आठवड्यांची. नावाचं स्पेलिंग, लग्नानंतर बदललेलं आडनाव, अंदाजाने लिहिलेलं वय यांमुळे जुळायला हवेत ते २० जण निसटले तर १२० चे १०० होतात आणि अंदाज ९९७ वरून थेट १,१९४ वर जातो. उलट, एका यादीत आलेला माणूस दुसरीत येण्याची शक्यता मुळातच जास्त असेल (प्रयोगशाळाच औषधासाठी पाठवते, हे तर नेहमीचं) तर अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. तीन याद्या मिळाल्या तर हे अवलंबित्व काही प्रमाणात हिशेबात घेता येतं. जो माणूस कुठल्याच यंत्रणेच्या वाटेला जात नाही, तो कितीही याद्या जोडल्या तरी दिसत नाही.

त्याच्यासाठी पाचवा मार्ग उरतो: यंत्रणेच्या बाहेर जाऊन, घरोघरी, यादृच्छिक नमुन्यावर मोजमाप. महाग आहे, पण सगळीकडे करायची गरज नाही. आधीच्या चार खुणांनी जे भाग संशयित ठरले तिथे आणि तुलनेसाठी थोड्या चांगल्या भागांत केलं तरी पुष्कळ. तिथे 'तुम्हाला अमुक आजार आहे का' असं विचारून थांबू नका; मोजा. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलेली विसंगती इथे नेमकी लागू पडते: स्वतः सांगितलेल्या आजारांचं प्रमाण केरळमध्ये बिहारपेक्षा कितीतरी जास्त आणि आयुर्मानही केरळचंच जास्त. शिक्षण आणि डॉक्टर जवळ असले की माणसाला आपला आजार ओळखता येतो. 'आजारी आहे का' या प्रश्नाचं उत्तरही सेवेच्या पोचेवरच अवलंबून असतं.

मोजमापाची शिस्तही सांभाळावी लागते. रक्तदाबासाठी आधी बसवून विश्रांती, तीन वाचनं, त्यांतल्या शेवटच्या दोनांची सरासरी. दंड जाड असेल तर मोठी पट्टी, नाहीतर दाब जास्त दिसतो. दर आठवड्याला वाचनांचे शेवटचे अंक मोजा. हाताने घेतलेली वाचनं साधारण सम अंकांत लिहिली जातात, तेव्हा ० चा वाटा २० टक्क्यांच्या आसपास हवा. तो ५० टक्के असेल तर कर्मचारी आकडे गोल करताहेत, आणि मर्यादाच १४० असल्यामुळे त्या गोल करण्याने प्रमाण थेट बदलतं.

तफावत मोजताना

सेवेची पोच म्हणजे केंद्राचं अंतर नव्हे. १९८१ मध्ये पेंचान्स्की आणि थॉमस या संशोधकांनी तिचे पाच पैलू मांडले: उपलब्धता, भौगोलिक पोच, सोयीची वेळ-पद्धत, परवडणं आणि स्वीकारार्हता. व्यवहारात याची साखळी करावी, आणि प्रत्येक टप्प्याचा छेद कोणता ते ठरवून घ्यावं. उच्च रक्तदाबाचं घ्या. गरीब गटात ३०० जणांना तो आहे. ९० जणांना माहीत आहे, ६० औषध घेतात, ३० जणांचा नियंत्रणात आहे. सुस्थितीतल्या गटातही ३००. पण २१०, १८० आणि ९०. 'औषध घेणाऱ्यांपैकी किती जणांचा नियंत्रणात' असं विचारलं तर दोन्हीकडे ५० टक्के, तफावत शून्य, सगळे खूश. सगळ्या रुग्णांतून विचारलं तर १० आणि ३० टक्के. दवाखान्याच्या माहितीवर केलेला अभ्यास नेहमी पहिलंच उत्तर देतो, कारण दारात न आलेला माणूस त्याच्या छेदातच नसतो. दोन्ही छेद शेजारी शेजारी द्या. सर्वांत मोठी गळती कुठे आहे ते तिथेच दिसतं. या उदाहरणात ती निदानाआधी आहे, म्हणून औषधांचा साठा वाढवून फरक पडणार नाही.

अंतर मोजायचंच असेल तर सरळ रेषेत मोजू नका, प्रवासाचा वेळ घ्या, आणि पावसाळ्याचा वेगळा. केंद्रांवर पडणारा ताणही धरायचा असेल तर दोन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी प्रत्येक केंद्रातले डॉक्टर भागिले तासाभरात तिथे पोचू शकणारी लोकसंख्या; मग प्रत्येक वस्तीला ज्या ज्या केंद्रांपर्यंत तासाभरात पोचता येतं त्यांच्या गुणोत्तरांची बेरीज. इथे मंजूर पदं घातली की उत्तर गोड येतं. भरलेली पदं घाला, आणि केंद्र आठवड्यातून किती तास खरोखर उघडं असतं त्यानुसार वजन द्या. अभ्यासक्षेत्राच्या सीमेवरच्या वस्त्यांसाठी पलीकडची केंद्रंही धरावी लागतात, नाहीतर सीमेलगतचा सगळा पट्टा खोटाच वंचित दिसतो.

खर्चाच्या आकड्यात तर उलटाच खेळ असतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत बरीच वर्षं आरोग्यावरचा खर्च कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त झाला की तो मोठा खर्च मानण्याचं सूचक वापरलं जात होतं. ज्याने परवडत नाही म्हणून उपचारच टाळले त्याचा खर्च शून्य, म्हणजे या सूचकात तो सुरक्षित! म्हणून पाहणीत 'गेल्या १२ महिन्यांत गरज असूनही उपचार घेतले नाहीत असं झालं का, आणि का' हा प्रश्न हवाच, आणि औषधं, तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी हे चार रकाने वेगळे हवेत.

तफावत एका आकड्यात सांगताना फरक आणि गुणोत्तर दोन्ही द्या. बालमृत्यू गरीब गटात हजारी ८० वरून ५० वर आले, श्रीमंत गटात ४० वरून २० वर. फरक ४० वरून ३०, म्हणजे दरी घटली. गुणोत्तर २ वरून २.५, म्हणजे दरी वाढली. दोन्ही विधानं खरी आहेत. एकच छापणारा बहुधा आपल्याला हवं ते छापत असतो. गरीब ते श्रीमंत असे पाच गट केले असतील तर फक्त टोकांची तुलना मधल्या तिघांना वगळते, तेव्हा सर्व गटांच्या आकारमानासह काढलेला स्लोप इंडेक्स किंवा कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स (गरीब ते श्रीमंत अशा सगळ्या गटांवरून दरी मोजणारे आकडे) सोबत द्यावा. 'हो/नाही' स्वरूपाच्या मापावर साधा कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स सरासरीनुसार आपोआप हलतो. वॅगस्टाफ किंवा एरिगर्स या अभ्यासकांनी सुचवलेली दुरुस्ती वापरा आणि कोणती वापरली ते लिहा. शिक्षणानुसार गट करत असाल तर 'अशिक्षित' गट वीस वर्षांत आक्रसतो आणि त्यात उरतात ते अधिकच वंचित. त्या गटाची बिघडलेली स्थिती अंशतः गट बदलल्यामुळे असते.

उत्पन्न आणि आजार यांचा संबंध भागांच्या सरासऱ्यांवर काढला असेल तर तो व्यक्तींना लावू नका. शिवाय आजार माणसाला गरीबही करतो. एकाच वेळी मोजलेल्या माहितीतून दिशा कळत नाही.

शेवटी नकाशा. पाचपेक्षा कमी रुग्णांचे आकडे गावनिहाय छापू नका. छोट्या वस्तीत क्षय किंवा एचआयव्हीचा 'एक रुग्ण' म्हणजे कोण हे सगळ्यांना कळतं. तक्त्यातलं एकच घर लपवून एकूण बेरीज छापली तर वजाबाकीने ते उघड होतं, म्हणून आणखी एक घर झाकावं लागतं. आणि ज्या भागातून निम्म्याहून जास्त महिन्यांचे अहवालच आले नाहीत, तिथे सर्वांत फिका रंग भरू नका. फिका रंग म्हणजे 'आजार कमी' असं वाचलं जातं आणि पुढच्या वर्षीचा निधी तिथून हलतो. त्या भागांना तिरप्या रेघांची वेगळी खूण द्या, खाली 'माहिती अपुरी' लिहा, आणि १२ पैकी किती महिन्यांचे अहवाल मिळाले तो आकडा नावाशेजारी टाका.